विल्यम जेम्स

विल्यम जेम्स (११ जानेवारी, इ.स. १८४२, न्यू यॉर्क – २६ ऑगस्ट, इ.स. १९१०, चोकोरुआ, न्यू हॅम्पशायर) हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ होते. अमेरिकेत मानसशास्त्राला स्वतंत्र अध्ययनविषयाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत त्यांची गणना होते. फलप्रामाण्यवादाचेही ते प्रमुख पुरस्कर्ते होते. सामान्य वाचकांपर्यंत मात्र त्यांचे सवय आणि संकल्पशक्ती यांविषयीचे विवेचन अधिक पोहोचले. तरुणपणी आलेल्या दीर्घ मानसिक संकटाची पार्श्वभूमी या विवेचनाला आहे.

सुरुवातीचे जीवन

विल्यम यांचे वडील थोरले हेन्री जेम्स हे सधन धर्मचिंतक होते. पाच भावंडांत विल्यम ज्येष्ठ. त्यांचे धाकटे बंधू हेन्री पुढे कादंबरीकार म्हणून, तर बहीण ॲलिस दैनंदिनीलेखिका म्हणून प्रसिद्ध झाली. वडिलांना कोणतीच शिक्षणपद्धती फार काळ पटत नसे. त्यामुळे मुलांच्या शाळा आणि गावे सतत बदलत राहिली. न्यू यॉर्क, जिनिव्हा, पॅरिस, बॉन असा हा प्रवास होता. विल्यम यांना अनेक भाषा अवगत झाल्या, पण एका कामात टिकून राहण्याचे वळण काही लागले नाही.

न्यूपोर्ट येथे त्यांनी काही काळ चित्रकलेचे शिक्षण घेतले व ते सोडले. १८६१ साली हार्वर्डमध्ये रसायनशास्त्र आणि १८६४ पासून वैद्यक, असा त्यांचा पुढील क्रम होता. १८६५ मध्ये लुई आगासी यांच्या मोहिमेबरोबर ते ब्राझीलला गेले. तेथे त्यांना देवीसदृश आजार झाला. १८६७-६८ मध्ये ते प्रकृतीसाठी व अभ्यासासाठी जर्मनीत राहिले. १८६९ साली त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. वैद्यकीय व्यवसाय त्यांनी कधीच केला नाही.

मानसिक संकट

पदवीनंतरची सुमारे तीन वर्षे जेम्स वडिलांच्या घरी जवळजवळ निष्क्रिय होते. पाठदुखी, डोळ्यांचा त्रास आणि खोल नैराश्य यांनी त्यांना ग्रासले होते. आत्महत्येचे विचारही येत. माणसाचे प्रत्येक कृत्य मेंदूतील भौतिक घडामोडींनी आधीच ठरलेले असेल, तर प्रयत्नाला अर्थ काय, हा प्रश्न त्यांना छळत होता. मनोरुग्णालयात पाहिलेल्या एका निश्चल रुग्णाच्या आठवणीने त्यांना एकदा तीव्र भीतीचा झटका आला. पुढे १९०२ च्या ग्रंथात हा अनुभव त्यांनी एका फ्रेंच माणसाच्या नावावर घातला. तो स्वतःचाच असल्याची कबुली नंतर खासगीत दिली.

३० एप्रिल १८७० रोजीची त्यांच्या दैनंदिनीतील नोंद प्रसिद्ध आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल रनूव्हिए यांच्या वाचनानंतर त्यांनी इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवण्याचे ठरवले आणि हा विश्वास हीच आपली पहिली स्वतंत्र कृती मानली. त्याच नोंदीत व्यवस्थित जगण्याच्या सवयी आधी जडवल्या पाहिजेत, असेही त्यांनी स्वतःला बजावले आहे. नोंदीचा हा भाग कमी सांगितला जातो; त्यांच्या नंतरच्या विचाराचे बीज मात्र त्यातच आहे. या संकल्पाने प्रकृती लगेच सुधारली नाही. १८७३ मध्ये हार्वर्डमध्ये शरीरशास्त्राचे अध्यापन सुरू झाल्यावर ते हळूहळू सावरले. १८७८ साली त्यांचा ॲलिस गिबन्स यांच्याशी विवाह झाला.

सवय आणि आत्मसंयम

१८७८ मध्येच त्यांनी मानसशास्त्रावरील पुस्तकाचा करार केला. ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा द्विखंडात्मक ग्रंथ पूर्ण व्हायला बारा वर्षे लागली. तो १८९० मध्ये प्रकाशित झाला. त्यातील सवयीवरील प्रकरण सर्वाधिक वाचले गेले.

मज्जासंस्था लवचीक असते आणि एकदा घडलेली क्रिया पुढच्या वेळी अधिक सहज घडते, हा या प्रकरणाचा पाया आहे. सवय जडली की क्रियेला लागणारे श्रम घटतात आणि तिच्याकडे द्यावे लागणारे लक्षही घटते. उठावे केव्हा, झोपावे केव्हा अशा प्रत्येक लहान गोष्टीसाठी ज्याला नव्याने निर्णय घ्यावा लागतो, त्याच्याइतका दुःखी कोणी नाही, असे जेम्स यांचे मत होते. म्हणूनच आत्मसंयम म्हणजे मोहाशी रोज नव्याने झुंज, ही कल्पना त्यांनी स्वीकारली नाही. संकल्पाने सवयीची सुरुवात करून द्यावी व पुढचे काम सवयीवर सोपवावे, असा त्यांचा आग्रह होता. यासाठी स्कॉटिश विचारवंत अलेक्झांडर बेन यांच्या आधारे त्यांनी काही नियम सांगितले: सुरुवात जोमाने करावी, सवय रुजेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये आणि संकल्पानुसार वागण्याची पहिलीच संधी साधावी.

असे असले तरी संकल्पशक्ती पूर्णपणे निवृत्त व्हावी, असे त्यांना वाटत नव्हते. कोणत्याही लाभाविना, केवळ नको वाटते म्हणून, एखादी लहान गोष्ट रोज करावी. त्यामुळे कठीण प्रसंगी ही शक्ती उपयोगी पडते, असे त्यांनी सुचवले. संकल्पावरील प्रकरणात थंडीच्या सकाळी अंथरुणातून उठण्याचे उदाहरण आहे. मनातील वाद चालू असेपर्यंत माणूस उठत नाही. वाद क्षणभर विसरला की तो उठलेला असतो. प्रयत्न हा त्यांच्या दृष्टीने मुख्यतः लक्ष टिकवण्याचा असतो.

जेम्स स्वतः या नियमांचे आदर्श नव्हते. बहीण ॲलिसने त्यांच्या अस्थिर स्वभावाला पाऱ्याची उपमा दिली होती. नावडत्या तर्कशास्त्राच्या तासाची तयारी टाळण्यासाठी शेकोटी ढवळणाऱ्या आणि खुर्च्या सरळ करणाऱ्या एका माणसाचे वर्णन त्यांच्या ग्रंथात आहे. तो माणूस बहुधा तेच होते.

उत्तरायुष्य

१८९९ च्या शिक्षकांसाठीच्या व्याख्यानसंग्रहात त्यांनी सवयीचे नियम पुन्हा मांडले. १८९६ मध्ये त्यांची स्वामी विवेकानंदांशी भेट झाली होती. १९०६ च्या एका अध्यक्षीय भाषणात त्यांनी हठयोगाच्या नियमित साधनेने प्रकृती सुधारलेल्या युरोपीय मित्राचा दाखला दिला. १८९८ मधील गिर्यारोहणात त्यांच्या हृदयावर ताण आला होता. पुढे हृदयविकारानेच त्यांचे निधन झाले.

नंतरचे संशोधन

२०१० मध्ये प्रकाशित झालेल्या, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या अभ्यासात ९६ व्यक्तींच्या नव्या सवयींचा मागोवा घेण्यात आला. सवय जडण्यास लागणारा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा असल्याचा अंदाज निघाला. एखाद्या दिवशी खंड पडल्याने फारसा फरक पडत नाही, असेही त्यात आढळले; हा निष्कर्ष जेम्स यांच्या निरपवादतेच्या नियमाशी जुळत नाही. ब्रायन गॅला व अँजेला डकवर्थ यांच्या २०१५ च्या अभ्यासांत मात्र अधिक आत्मसंयमी व्यक्तींचे यश बऱ्याच अंशी त्यांच्या चांगल्या सवयींतून येत असल्याचे आणि त्यांना मोहाशी झगडावे लागण्याचे प्रमाण कमी असल्याचे दिसून आले.