रविवार मागणारी माणसे

रविवार आपण इतका गृहीत धरला आहे, की हा दिवस कधी कुणाला मागावा लागला असेल असे मनातही येत नाही. उशिरा उठणे, मटणाच्या दुकानासमोरची रांग, मुलांची धुडगूस, राहिलेल्या गाठीभेटी आणि हातातली ही पुरवणी, हे सगळे जणू पंचांगातच छापून आलेले आहे. पण मुंबईतल्या गिरणी कामगारांना हा दिवस १० जून १८९० पर्यंत नव्हता. सरकारी कचेऱ्यांना आणि साहेबांच्या पेढ्यांना रविवारची सुटी कधीपासूनच होती, कारण साहेब त्या दिवशी चर्चमध्ये जात असे. साच्यावर उभे राहणाऱ्या माणसाला मात्र ती मागून घ्यावी लागली. ही मागणी करणाऱ्यांच्या पुढे जो माणूस होता तो पुढारी म्हणून जन्माला आला नव्हता. संस्थानिक, बॅरिस्टर वा शेठ यांपैकीही तो कुणी नव्हता. तो एका गिरणीतला स्टोअरकीपर होता. त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंड्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले कन्हेरसर. फुलमाळी समाजातले हे कुटुंब पोटासाठी ठाण्याला आले आणि तिथे १८४८ साली नारायणरावांचा जन्म झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. घरची स्थिती बेताची असूनही नारायणराव मॅट्रिकपर्यंत शिकले. त्या काळात बहुजन समाजातल्या मुलाने एवढे शिकणे म्हणजे घराण्याचे नशीब उघडण्यासारखे होते. त्यांनी काही दिवस रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली आणि मग मुंबईला मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. बसून काम, बऱ्यापैकी पगार आणि हिशेबाची वही. चारचौघांसारखे आयुष्य काढायला एवढे पुरे होते.

पण स्टोअरकीपरची जागा मोठी चमत्कारिक असते. त्याच्या एका बाजूला मालक आणि मॅनेजर, दुसऱ्या बाजूला कामगार. गिरणीत काय येते, काय जाते आणि काय झिजते, हे त्याला सगळ्यांत आधी कळते. माणसेही झिजत होती, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नव्हती.

चौदा तासांचा दिवस

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांच्या चिमण्यांनी परळ-भायखळ्याचे आभाळ भरून गेले. कोकणातून आणि घाटावरून माणसे येत राहिली. गिरणीचा दिवस सूर्यावर चाले. उजाडले की यंत्रे सुरू आणि मावळले की बंद. हिवाळ्यात अकरा तास तर उन्हाळ्यात चौदा तास काम. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्याने घातलेली ही मर्यादाही राहिली नाही. दुपारच्या जेवणासाठी यंत्र थांबेलच असे नव्हते. कापसाचे तंतू उडत असताना तिथेच भाकरी खावी लागे. सणावारी गिरणी बंद असे, पण आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. अनेक गिरण्यांत रविवारी यंत्रे बंद ठेवीत ती पुसून साफ करण्यासाठी, आणि ते कामही कामगारानेच करायचे.

पगाराची गोष्ट आणखी निराळी. महिन्याचा पगार महिना संपला की मिळेल याची खात्री नसे. तो अडकवून ठेवला की माणूस नोकरी सोडून जाऊ शकत नाही, हे मालकांना ठाऊक होते. कामावर घेणे आणि काढणे मुकादमाच्या हाती होते. त्याच्याविरुद्ध ब्र काढला तर उद्याची भाकर गेली. तोवर घर चालायचे ते वाण्याच्या आणि सावकाराच्या वहीवर.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला, पण त्याने संरक्षण दिले ते फक्त मुलांना. सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही, अशी त्याची तरतूद होती. मोठ्या माणसांविषयी, बायकांविषयी कायद्यात काहीच नव्हते.

नोकरीतून बाहेर

लोखंड्यांवर जोतीरावांच्या विचारांचा संस्कार झाला होता. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे ते मुंबईतले एक प्रमुख कार्यकर्ते झाले. या चळवळीचे 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केले होते. शेतकऱ्यांची आणि कष्टकऱ्यांची बाजू मांडणाऱ्या पत्राला वर्गणीदार कुठून मिळणार? ते डबघाईला आले. १८८० साली लोखंड्यांनी 'दीनबंधु' मुंबईला आणले, नोकरी सोडली आणि ते चालवायला घेतले.

संसारी वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. घरी पत्नी गोपिकाबाई, पदरी मूल, आणि बत्तिशीतला कर्ता पुरुष बांधलेला पगार सोडून तोट्यातले वर्तमानपत्र घेतो! या निर्णयाचा ताळेबंद आपल्यापैकी किती घरांत मांडता आला असता? मात्र लोखंडे हे काही उतावळे गृहस्थ नव्हते. माणसे एकत्र येण्यासाठी आधी एकमेकांची हकिकत कळावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. मांडवीच्या गिरणीतल्या माणसाला परळच्या गिरणीत काय चालते हे कळले, तर आपले दुःख एकट्याचे नाही हे त्याला उमगेल. हे काम वर्तमानपत्रच करू शकत होते. ज्याला वाचता येत नाही त्याला चाळीतला दुसरा कुणी वाचून दाखवील.

सप्टेंबर १८८४ मध्ये सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनचे काम मुंबईत चालू होते. लोखंड्यांनी ही वेळ बरोबर साधली. परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा एक अर्ज तयार केला. दर रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या.

आज आपण सह्यांच्या मोहिमा रोज पाहतो, म्हणून या आकड्याचे वजन चटकन लक्षात येत नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती आणि ज्यांची नोकरी मुकादमाच्या मर्जीवर होती, अशा साडेपाच हजार माणसांनी सरकारी कागदावर आपले नाव घातले होते. सभा बोलावली लोखंड्यांनी हे खरे. पण धोका पत्करला तो या प्रत्येकाने, आणि आपापल्या घराच्या जबाबदारीवर.

एक अडचण

लोखंड्यांपुढे मालकांखेरीज दुसरीही एक अडचण होती. हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर कायद्याचे बंधन घाला, असा आग्रह इंग्लंडात लँकेशायरचे गिरणीमालक धरीत होते. मुंबईच्या कामगारांचा कळवळा आला म्हणून नव्हे, तर मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जड जात होते म्हणून. त्यामुळे आपल्याकडच्या राष्ट्रीय विचारांच्या बहुतेक वृत्तपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी फॅक्टरी कायद्याला विरोध केला. स्वदेशी धंदा नुकताच रांगू लागला असताना त्याच्या पायात बेडी घालू नका, असे त्यांचे म्हणणे होते. ते अगदीच निराधार नव्हते.

पण देशाचा धंदा वाढावा म्हणून त्याच देशाच्या माणसाने आठवड्यातले सातही दिवस राबावे काय? देश म्हणजे गिरणीची इमारत, की तिच्यात उभा असलेला माणूस? लोखंड्यांनी आपली बाजू निवडली. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे एखाद-दुसरे प्रतिष्ठित गृहस्थही कायद्याच्या बाजूने झटत होते. तरी मोठ्या प्रवाहाविरुद्ध जाऊन बोलणे सोपे नव्हते.

१८८४ च्या अर्जाने लगेच काही झाले नाही. कमिशन आले आणि गेले, कायदा तसाच राहिला. सहा वर्षे अशीच गेली. चळवळींच्या इतिहासात अशी रिकामी वर्षे फारशी कुणी वाचत नाही, पण खरी परीक्षा त्याच वर्षांत असते. 'दीनबंधु' निघत राहिले. सभा होत राहिल्या. जोतीराव मुंबईला येत, तेव्हा तेही कामगारांपुढे बोलत. ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाड्यात मुंबईकरांनी जोतीरावांचा सत्कार करून त्यांना महात्मा म्हटले.

मग २४ एप्रिल १८९० चा दिवस उजाडला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. जिथे शेठ-साहेबांचे घोडे धावत, तिथे त्या दिवशी सूत कातणारी आणि कापड विणणारी माणसे बसली होती. या सभेत दोन कामकरी बायाही उठून बोलल्या. तेव्हा गिरण्यांत दर चार-पाच कामगारांत एक बाई असे, पण बाईने भरसभेत बोलणे सुशिक्षित घरांतही खपत नव्हते. घर, चूल, मुले आणि गिरणी एवढे सांभाळणारीला सुटीची गरज सर्वांत जास्त होती, आणि ती तिने स्वतःच सांगितली.

सभेने गिरणीमालकांच्या संघाकडे साप्ताहिक सुटीची मागणी केली, आणि १० जून १८९० रोजी संघाने ती मान्य केली. हे काही एका सभेने घडले नाही. बर्लिनला त्याच वर्षी भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत रविवारच्या विश्रांतीचा विषय निघाला होता, पार्लमेंटात प्रश्न विचारले जात होते, नवा कायदा येणार हे मालकांना दिसत होते. पण वरच्या मजल्यावर दार किलकिले होते तेव्हा खाली कुणीतरी उभे असावे लागते. मुंबईत दहा हजार माणसे उभी होती. खंडोबाचा वार म्हणून रविवार निवडला, असेही सांगतात. घाटावरच्या माणसाला ते पटण्यासारखेच आहे.

यात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. उक्त्या कामावर मजुरी मिळवणाऱ्याला सुटी म्हणजे मजुरी बुडण्याचा दिवस. तरीही त्यांनी ती मागितली. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण एक दिवस माणसासारखा जगू द्या, असा त्या मागणीचा अर्थ होता.

रविवारच्या पलीकडे

१८९० मध्ये नेमलेल्या नव्या कमिशनमध्ये मुंबईपुरते सहकारी सदस्य म्हणून लोखंड्यांना घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सर्वांना लागू झाली, बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली आणि कामावर घेण्याचे किमान वय नऊ वर्षे झाले. नऊ वर्षांचे मूल गिरणीत, हे वाचून आज अंगावर काटा येतो. पण सात ते नऊ हा पल्लाही कुणाच्या तरी खटपटीने पडला होता.

लोखंड्यांचे काम गिरणीच्या फाटकापाशी संपले नाही. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार त्यांच्या प्रेरणेने मुंबईतल्या नाभिक बांधवांनी केला. एक दुष्ट रूढी मोडायची तर ज्याच्या हातातल्या वस्तऱ्यावाचून ती चालत नाही त्याच्याकडेच जावे, हे केवढे साधे आणि केवढे मर्मावर बोट ठेवणारे! १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली. तेव्हा त्यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या कामगारांची प्रचंड सभा घेऊन सलोख्यासाठी प्रयत्न केले. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर केले.

त्यांच्या मर्यादाही होत्या. त्यांची 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही देशातली पहिली कामगार संघटना मानली जाते. पण तिला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, घटना नव्हती. तिची स्थापना १८८४ ची मानायची की १८९० ची, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही. लोखंड्यांनी संप पुकारले नाहीत. अर्ज आणि सभा हीच त्यांची हत्यारे. त्यांच्यामागे संघटना टिकली नाही. पण एकत्र येण्याची सवय टिकली. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. सुटी मागायला शिकलेली माणसे अठरा वर्षांत राज्यकर्त्यांना जाब विचारू लागली होती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ज्याला शक्य होते तो शहर सोडून पळाला. लोखंडे राहिले. रुग्णांसाठी त्यांनी मराठा हॉस्पिटल उभारले, आणि तिथल्या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते गेले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईही गेल्या.

२००५ साली टपाल खात्याने लोखंड्यांचे तिकीट काढले. परळच्या श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. ज्या गिरण्यांसाठी ते झगडले त्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या आणि तिथे टॉवर व मॉल उभे राहिले. तिथल्या फाटकावरचा सुरक्षारक्षक बारा-बारा तास उभा असतो. घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलाला तर रविवारीच जास्त धावावे लागते.

मोठे बदल मोठी माणसे करतात, आपण काय करणार, असे आपण नेहमी म्हणतो. लोखंड्यांचे चरित्र याला उत्तर देते. एकाने पाहिलेले लिहून ठेवले, दुसऱ्याने ते वाचून दाखवले, साडेपाच हजारांनी सह्या केल्या, दोघी बोलल्या, दहा हजार नुसते येऊन बसले. यातले एक तरी काम आपल्याला जमणार नाही असे आहे काय? आणि सुरुवात कुठून करायची हा प्रश्न पडलाच, तर तो फार लांब नेण्याचे कारण नाही. आपल्या घरी धुणी-भांडी करायला येणाऱ्या मावशींना रविवार आहे का, एवढे आज त्यांना विचारावे. आणि सुटी दिली, तर त्या दिवसाचे पैसे कापू नयेत.