दादोबा पांडुरंग आणि मरणाचे भय

मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकलेले असेल. विभक्ती आणि प्रयोग घोकताना काहींना त्यांचा रागही आला असेल. परंतु या व्याकरणकाराने आयुष्यभर आणखी एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मेल्यावर माणसाचे काय होते, आणि त्याविषयीच्या समजुतींपायी जिवंत माणसांचे काय होते, हा तो प्रश्न. त्याची सुरुवात पुण्यात किंवा मुंबईत नव्हे, तर तापीकाठच्या सुरत शहरात झालेली दिसते.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे, जातीने वैश्य, वृत्तीने भाविक. वडिलांचे नाव पांडुरंग व आईचे यशोदा. धाकटा भाऊ भास्कर याने इंग्रजी राज्यावर सडेतोड टीका करणारी पत्रे १८४१ साली मुंबईच्या वृत्तपत्रात लिहिली. तो तरुणपणीच वारला. दुसरे बंधू आत्माराम हे डॉक्टर झाले, आणि १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. दादोबांनी महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली छापले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे १८४० नंतरची काही वर्षे ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते.

त्या वेळची सुरत म्हणजे उतरती कळा लागलेली नगरी. १८३७ च्या एप्रिलात लागलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे जळाली होती, आणि त्याच वर्षी तापीच्या पुराने उरलेसुरले धुऊन नेले होते. दादोबा तेथे गेले तेव्हा त्या राखेला पाच वर्षेही धड झाली नसतील. ज्या शहराने एका वर्षात इतके मरण पाहिले, तेथे मेलेल्यांविषयी बोलणे रोजचेच असणार.

सुरतेला जाणाऱ्यांनी कतारगाम दरवाजाजवळची जुनी इंग्रज व डच दफनभूमी अवश्य पाहावी. ऑक्झेंडन बंधूंची घुमटदार कबर तेथे आहे. ख्रिस्तोफर १६५९ साली आणि सर जॉर्ज १६६९ साली वारला. पुढे १६९१ साली व्हान रीड हा डच अधिकारी मरण पावला, त्याची कबर त्याहून थोर बांधली गेली. ही सारी नावाने ख्रिस्ती माणसे. पण त्या घुमटांवर पुनरुत्थानाची आशा किती आणि दोन कंपन्यांची चढाओढ किती, हे पाहणाऱ्याने आपल्या मनाशी ठरवावे. श्रीमंताला मरणाची भीती वाटते तेव्हा तो दगड रचतो.

गरीब माणूस भुव्याकडे जातो. गुजरातेत मांत्रिकाला भुवा म्हणतात. अपघाताने, आत्महत्येने किंवा मनात इच्छा राहून जो मरतो तो भूत होतो, बाळंतपणात गेलेली बाई घरादाराला छळते, ही समजूत तेथेही होती आणि आपल्या कोकणात व देशावरही होती. घरात कोणी आजारी पडले की मेलेल्या माणसाचे नाव निघे. कालपर्यंत ज्या आईसाठी मुले रडली, तिलाच आज मंत्राने बांधायचे, कोंबडे-नारळ देऊन हाकलायचे! आणि दोष मृताच्या माथी मारता आला नाही, तर एखाद्या निराधार बाईला डाकीण ठरवायचे. भुताच्या भीतीत मृताविषयीचे प्रेम आधी मरते, ही त्या समजुतीतली सर्वांत वाईट गोष्ट मला वाटते.

सुरतेत या प्रकाराविरुद्ध उभा राहिलेला पहिला माणूस दुर्गाराम मंछाराम. जातीने नागर ब्राह्मण, पेशाने शाळामास्तर, म्हणून लोक त्यांना दुर्गाराम मेहताजी म्हणत. त्यांनी मांत्रिकांना उघड आव्हान दिले की, तुमच्या मंत्रात सामर्थ्य असेल तर ते चारचौघांत दाखवा, माझ्यावर चालवून दाखवा. मंत्र चालला नाही आणि मेहताजी जिवंत राहिले. आज ही गोष्ट लहान वाटते. पण मंत्राने माणूस मरतो अशी ज्या गावाची खात्री, तेथे आपला देह पुढे करणारा माणूस आपल्या अविश्वासावर किती विश्वास ठेवून उभा असेल, याचा विचार करावा.

या मेहताजींची आणि दादोबांची गाठ पडली. २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे तिचे पाच आधारस्तंभ. पाचांचीही नावे द अक्षराने सुरू होणारी, म्हणून गुजरातीत त्यांना पाच दद्दा म्हणत. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, माणसाची योग्यता कुळावरून नव्हे तर गुणांवरून ठरावी, विवेकाने वागावे आणि ईश्वराची भक्ती करावी, अशी या सभेची तत्त्वे होती. सभा भरे, त्यात कोणीही येऊन ऐके. मूर्तिपूजा, जातिभेद, विधवांचे दुःख, भुतेखेते असे विषय निघत. मेहताजी त्याची टिपणे ठेवीत, त्यावरूनच पुढे १८७९ साली महीपतराम रूपराम यांनी त्यांचे चरित्र लिहिले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही मंडळी नास्तिक नव्हती. ईश्वर एकच आणि तो सर्वसत्ताधारी, मग त्याच्या जगात मेलेल्या माणसांनी आपल्या मर्जीने धुमाकूळ कसा घालावा, हा त्यांच्या मताचा सरळ अर्थ होता. श्रद्धेतूनच त्यांचे भय गेले होते.

परंतु सगळे भय गेले नव्हते. मेहताजी विधुर होते. विधवाविवाहाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला, पण स्वतःच्या दुसऱ्या लग्नाची वेळ आली तेव्हा त्यांनी विधवेशी न करता एका कुमारिकेशीच लग्न केले. मंत्राला न भ्यालेला माणूस जातीला भ्याला. १८४६ साली दादोबा मुंबईस गेले, नंतर मेहताजी राजकोटला गेले, आणि सभा विझली.

मुंबईत १८४९ साली दादोबा, त्यांचे बंधू आत्माराम आणि मित्र यांनी परमहंस मंडळी काढली. तिचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर होते. ही मंडळी गुप्त होती. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे असा दीक्षेचा विधी होता, पण तोही दाराआड. सुरतेत उघड्या सभेत बोलणाऱ्या दादोबांना मुंबईत कडी का लावावी लागली?

त्याचे उत्तर मरणाशीच येऊन पोचते. जातिबहिष्कार म्हणजे केवळ पंक्तीतून उठवणे नव्हे. बहिष्कृताच्या घरी मर्तिक झाले तर भटजी येत नाही, शेजारी येत नाहीत, तिरडीला चार खांदे मिळत नाहीत. बाप गेला तर त्याला उचलणार कोण? जातीची खरी किल्ली लग्नाच्या मांडवात आणि स्मशानाच्या वाटेवर असते. भूत नाही हे तर्काने सिद्ध करता येते, पण चार खांदे तर्काने मिळत नाहीत. सुमारे १८६० साली मंडळीच्या सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याची धास्ती पडली आणि मंडळी मोडली.

या मंडळीत आपले बाबा पदमनजीही होते. त्यांनी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी ख्रिस्ती साहित्याचे ते जनक ठरले. त्यांच्या पिढीचे ख्रिस्ती घरदार गमावून आले, पण त्यांना उचलायला मंडळी होती आणि निजायला कब्रस्तान होते. परमहंस मंडळीजवळ विचार होते, कब्रस्तान नव्हते. आपल्या पूर्वजांच्या धैर्याची तुलना दादोबांच्या भित्रेपणाशी करणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात ठेवावा. उलट बाजूचे उदाहरणही आहे. पुण्याचे गोपाळ गणेश आगरकर ना ईश्वर मानीत, ना परलोक. विरोधकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. १८९५ साली ते वारले, तेव्हा आपल्या दहनापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते असे सांगतात. त्यांचे मत आपल्याला पटणार नाही, पण कोणाच्याही खांद्यावर आपले ओझे पडू नये ही काळजी पाहून मान खाली जाते.

दादोबा १८५२ पासून अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर होते. भिल्लांच्या बंडाच्या वेळच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केले. मला त्याहून मोठे वाटते ते १८५७ चे त्यांचे विधवाश्रुमार्जन हे पुस्तक. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता, पण कायद्याने डोळे पुसले जात नाहीत. नवरा मेला म्हणजे बायकोच्या पूर्वजन्मीच्या पापाने मेला, ही समजूतही मरणाविषयीच्या श्रद्धेचाच एक भाग. पुरुष एकदाच मरे. त्याची विधवा मात्र केशवपनापासून रोज मरे.

१८६५ साली त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली आणि तिला आईबापांच्या नावे यशोदा-पांडुरंगी असे नाव दिले. मेलेल्या मातापित्यांचे स्मरण करण्याची ही त्यांची रीत. बऱ्याच आधी लिहून ठेवलेला धर्मविवेचन हा ग्रंथ १८६८ साली बाहेर आला, तोही एक जगद्वासी आर्य या टोपणनावाने. कडी अजून पुरती निघाली नव्हती.

आणि मग साठी उलटल्यावर या माणसाने सर्वांना चकित करणारे काम केले. १८७८ साली लंडनमध्ये त्यांचे एक इंग्रजी पुस्तक छापले गेले, त्याचा विषय स्वीडनबोर्ग या स्वीडिश लेखकाचे ग्रंथ. इमान्युएल स्वीडनबोर्ग (१६८८–१७७२) हा बिशपचा मुलगा, खाणी आणि धातूंचा जाणकार शास्त्रज्ञ. मध्यम वयानंतर आपल्याला स्वर्ग आणि नरक प्रत्यक्ष दिसतात असे तो सांगू लागला, आणि जे पाहिले त्यावर १७५८ साली त्याने ग्रंथ लिहिला. माणूस मेल्यावर लगेच आत्मिक जगात जागा होतो, सुरुवातीला आपण मेलो हेही त्याला कळत नाही, देव कोणाला नरकात ढकलत नाही, तर ज्याने आयुष्यभर ज्याची आवड धरली तिकडेच तो आपल्या पायांनी चालत जातो, असे त्याचे म्हणणे. लहानपणी मेलेली सारी बालके, मग ती कोणत्याही धर्मात जन्मलेली असोत, स्वर्गात वाढतात. जे मंडळीबाहेर राहून ईश्वराला भिऊन वागले, त्यांनाही तेथे जागा आहे.

दादोबांनी हे सहानुभूतीने वाचले यात नवल नाही. तारुण्यात ज्यांनी सुरतेतून मृतांना हाकलण्याचा धंदा बंद पाडायची खटपट केली, त्यांच्या मनात एक रिकामी जागा उरली असणार. मृत माणूस पिंपळावर नाही हे सिद्ध झाले. मग तो आहे कुठे? धाकटा भाऊ, आईवडील कुठे आहेत? सुरतेच्या सभेजवळ याचे उत्तर नव्हते. स्वीडनबोर्गजवळ होते, आणि त्या उत्तरात बाप्तिस्मा न घेतलेल्या सज्जनाला दार उघडे होते.

आमची मंडळी स्वीडनबोर्गला गुरू मानत नाही, आणि मीही मानीत नाही. परलोकाचा इतका बारीक नकाशा मला नको वाटतो. आपली आशा कोणी पाहून आलेल्या वर्णनावर नाही, रिकाम्या कबरेतून उठलेल्या प्रभूवर आहे. तरी शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विचारावेसे वाटते. मुलांना गप्प बसवण्यासाठी आपण नरकाच्या आगीचे जे चित्र रंगवतो, ते भुव्याच्या मंत्रापेक्षा किती वेगळे असते? आणि अमावास्येला कब्रस्तानावरून जाताना पाय उचलणारे, दारात लिंबू-मिरची बांधणारे आपल्यातही आहेत. रविवारी पुनरुत्थानावर आमेन म्हणणारेच ते असतात.

दादोबांनी बाप्तिस्मा घेतला नाही. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी आत्मचरित्र लिहिले होते, पण ते सुरतेचे दिवस सांगून त्याच सुमारास तुटते. पुढची पस्तीस वर्षे, मंडळीची बंद दारे, नगर, स्वीडनबोर्ग, यांविषयी त्यात काही नाही. ते अपुरे हस्तलिखित अ. का. प्रियोळकरांनी संपादून १९४७ साली प्रसिद्ध केले.