सरपण विकणारा माणूस अमेरिकेचा सरसेनापती झाला, पण त्याची शेवटची लढाई कागदावर होती

अंगावर जुना लष्करी कोट आणि गाडीत सरपण. १८५८ च्या सुमारास सेंट लुईसच्या रस्त्यांवर लाकडं विकणारा हा माणूस म्हणजे युलिसिस ग्रँट. वेस्ट पॉइंटमध्ये शिकलेला, मेक्सिकोच्या युद्धात लढलेला. पण १८५४ मध्ये त्याने लष्कर सोडलं, मग शेतीही बुडाली. शेवटी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायची वेळ आली.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि ग्रँट पुन्हा सैन्यात गेला. १८६३ मध्ये त्याने व्हिक्सबर्ग जिंकलं. पुढच्याच वर्षी लिंकनने सगळं सैन्य त्याच्या हाती सोपवलं. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. ग्रँटने लीच्या सैनिकांना कैद केलं नाही. उलट शेतीच्या कामासाठी स्वतःचे घोडे घेऊन घरी जाऊ दिलं.

पुढे तो आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष होता. पण १८८४ मध्ये धंद्यातल्या भागीदाराने फसवलं आणि सगळी पुंजी गेली. त्यातच घशाचा कॅन्सर झाला. आपल्यामागे बायकोचे हाल होऊ नयेत म्हणून तो आठवणी लिहायला बसला. पुस्तक पूर्ण झालं आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ ला ग्रँट गेला. मार्क ट्वेनच्या प्रकाशन संस्थेने ते छापलं. त्यातून ज्युलिया ग्रँटला सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले.