कामराज : राज्य घडविले, राज्य गमावले

फेब्रुवारी १९६७ मध्ये चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीचे निकाल हाती येऊ लागले, तेव्हा विरुधुनगरच्या निकालावर अनेकांचा विश्वास बसेना. काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष, मद्रासचे साडेनऊ वर्षे मुख्यमंत्री राहिलेले आणि देशाला लागोपाठ दोन पंतप्रधान देणारे के. कामराज आपल्या जन्मगावीच विधानसभेची निवडणूक हरले होते. त्यांना हरविणारा पी. श्रीनिवासन हा विद्यार्थी चळवळीतून पुढे आलेला तरुण होता. मतांचा फरक होता अवघा १,२८५. याच निवडणुकीत मद्रास राज्यातील काँग्रेसची दोन दशकांची सत्ता संपुष्टात आली. २३४ पैकी केवळ ५१ जागा पक्षाच्या पदरात पडल्या. राज्यकारभार नादान असता तर या पराभवाचे नवल वाटले नसते. परंतु हे राज्य त्या काळात देशातील उत्तम कारभाराच्या राज्यांत गणले जात होते. चांगले काम केलेला पक्षही मतदारांच्या मनातून कसा उतरतो, याचे उत्तर कामराज यांच्या जीवनप्रवासात सापडते.

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी विरुधुनगर येथे एका नाडर कुटुंबात झाला. एकेकाळी मंदिरप्रवेशही नाकारला गेलेला हा समाज व्यापाराच्या बळावर वर येत होता. वडील कुमारस्वामी लवकर निवर्तले आणि आई शिवकामी यांच्यावर संसाराचा भार पडला. कामराज यांची शाळा लहानपणीच सुटली व ते मामाच्या कापड दुकानात काम करू लागले. जालियनवाला बाग हत्याकांडाने हा किशोरवयीन मुलगा अस्वस्थ झाला आणि काँग्रेसकडे ओढला गेला. पुढे तो दुकानात परतला नाही, विवाहही केला नाही.

१९३० मध्ये राजाजींच्या नेतृत्वाखाली वेदारण्यम येथे झालेल्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना पहिला कारावास घडला. १९४१ मध्ये तुरुंगात असतानाच ते विरुधुनगर नगरपालिकेचे अध्यक्ष निवडले गेले; परंतु सुटका होताच त्यांनी ते पद सोडले. ज्या पदाला पूर्ण वेळ देता येणार नाही ते स्वीकारू नये, अशी त्यांची धारणा होती. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात ‘छोडो भारत’चा ठराव झाला. त्यानंतर पोलिसांना चुकवत त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यातील कार्यकर्त्यांपर्यंत चळवळीचा कार्यक्रम पोहोचविला आणि काम संपताच स्वतःहून अटक करवून घेतली. त्यानंतरची सुमारे तीन वर्षे त्यांनी तुरुंगात काढली.

विद्वत्ता, वक्तृत्व वा इंग्रजीवरील प्रभुत्व यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. होती ती माणसांची अचाट ओळख. कोणत्या गावात कोण कार्यकर्ता आहे, त्याचे कोणाशी पटते, तेथील विहिरीला पाणी आहे की नाही, हे त्यांना तोंडपाठ असे. एस. सत्यमूर्ती हे त्यांचे राजकीय गुरू. १९४० मध्ये प्रांतिक काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी राजाजी गटाच्या उमेदवाराचा अवघ्या तीन मतांनी पराभव करून कामराज निवडून आले आणि गुरू सत्यमूर्ती आपल्या शिष्याचे चिटणीस झाले. पुढे एका तपाहून अधिक काळ प्रांतिक संघटनेची सूत्रे कामराज यांच्या हाती राहिली.

सत्तेचे पद त्यांच्याकडे चालत आले ते एका शिक्षणविषयक वादातून. मुख्यमंत्री राजाजी यांनी १९५३ मध्ये प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ घरचा व्यवसाय शिकण्यात घालवावा, असे तिचे स्वरूप होते. जातिव्यवस्थेला शाळेच्या दारातून पुन्हा आत आणण्याचा हा डाव असल्याची टीका झाली. पेरियार यांचे द्रविड कळघम आणि अण्णादुराई यांचा द्रविड मुन्नेत्र कळघम, म्हणजेच द्रमुक, यांनी रान उठविले. काँग्रेसमध्येही असंतोष पसरला. अखेर राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि १३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मुख्यमंत्री झाले. नेतेपदाच्या निवडणुकीत आपल्याविरुद्ध उभे राहिलेले सी. सुब्रमण्यम आणि त्यांचे समर्थक एम. भक्तवत्सलम या दोघांनाही त्यांनी आपल्या अवघ्या आठ जणांच्या मंत्रिमंडळात घेतले. राजाजींची वादग्रस्त योजना अर्थातच गुंडाळण्यात आली.

शाळा अर्धवट सुटलेल्या या मुख्यमंत्र्याने शिक्षणाला अग्रक्रम दिला. बंद पडलेल्या शाळा उघडल्या, खेडोपाडी नव्या शाळा काढल्या, शालेय शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत केले. पोटात अन्न नसेल तर मूल शाळेत येणार नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९५६ मध्ये त्यांनी शाळांतून माध्यान्ह भोजन सुरू केले. प्रारंभी लोकवर्गणीवर चाललेल्या या उपक्रमाला पुढे सरकारी अनुदान मिळू लागले. वैगई, सात्तनूर, कृष्णगिरी यांसारखी धरणे, नेय्वेलीचा लिग्नाइट प्रकल्प, गिंडीची औद्योगिक वसाहत, तिरुचिरापल्लीचा अवजड विद्युत उपकरणांचा कारखाना यांची उभारणी वा सुरुवात याच कालखंडातली. मुख्यमंत्री असूनही ते भाड्याच्या घरात राहत आणि आई विरुधुनगरच्या जुन्या घरात.

मतदारांनी या कामाची पोचपावती दिली. १९५७ मध्ये काँग्रेसला २०५ पैकी १५१ जागा मिळाल्या. १९६२ मध्येही बहुमत कायम राहिले. मात्र जागा १३९ वर आल्या आणि द्रमुकने १५ वरून ५० वर झेप घेतली. ही धोक्याची पहिली सूचना होती. त्याहून गंभीर सूचना त्यापूर्वीच, आणि तीही खुद्द विरुधुनगरात, मिळालेली होती. राज्याला ‘तमिळनाडू’ हे नाव द्यावे यासह काही मागण्यांसाठी शंकरलिंगनार या वृद्ध गांधीवादी कार्यकर्त्याने १९५६ मध्ये तेथे उपोषण आरंभिले आणि त्यातच १३ ऑक्टोबर रोजी प्राण सोडला. धरणे व कारखाने यांच्या हिशेबात गढलेल्या सरकारला नावाचा प्रश्न भावनिक आणि म्हणून दुय्यम वाटला. भाषा आणि अस्मिता यांची भूक भाकरीच्या भुकेइतकीच खरी असते, हे द्रमुकने ओळखले. वृत्तपत्रे, वाचनालये, नाटके आणि चित्रपट यांच्याद्वारे हा पक्ष घरोघरी पोहोचत होता. काँग्रेसजन मात्र सिनेमावाल्यांचा पक्ष म्हणून त्याची हेटाळणी करीत राहिले. १९६१ मध्ये मद्रासमध्ये पं. नेहरूंच्या हस्ते विद्यमान मुख्यमंत्री कामराज यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. दीर्घ सत्तेला जडणाऱ्या आत्मसंतुष्टतेचे याहून ठळक चिन्ह शोधावे लागू नये.

कामराज यांना स्वतःला या आजाराची जाणीव नव्हती असे नाही. सत्तेची पदे हेच सर्वस्व मानणारा पक्ष लोकांपासून तुटत चालला आहे, हे निदान त्यांनी सर्वांच्या आधी केले. ज्येष्ठ नेत्यांनी पदे सोडून संघटनेच्या कामाला लागावे, अशी योजना त्यांनी नेहरूंपुढे मांडली. १९६३ च्या या ‘कामराज योजने’नुसार सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवन राम आणि मुंबईचे स. का. पाटील हे त्यांतील काही. स्वतः कामराज यांनी २ ऑक्टोबर १९६३ रोजी मुख्यमंत्रिपद सोडले आणि त्यानंतर लगेचच ते पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले.

निदान अचूक होते, पण औषधाने रोग्याचेच बळ खचले. मद्रासमध्ये खेड्यातला सूर ज्याला ऐकू येत असे, तो एकमेव नेता दिल्लीला निघून गेला. नेहरूंच्या निधनानंतर १९६४ मध्ये शास्त्रींची निवड कामराज यांनी सर्वसंमतीने घडवून आणली. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रींचे ताश्कंद येथे निधन झाले, तेव्हा त्यांनी इंदिरा गांधींच्या मागे बळ उभे केले आणि मोरारजींचा ३५५ विरुद्ध १६९ मतांनी पराभव झाला. स्वतःसाठी त्यांनी काहीही मागितले नाही. देशभर त्यांचा दबदबा वाढत होता, त्याच वेळी पायाखालची जमीन मात्र सरकत होती.

त्यांच्या जागी आलेले भक्तवत्सलम हे अनुभवी आणि कर्तव्यकठोर प्रशासक होते. पण फाइलीवरचा प्रश्न आणि रस्त्यावरचा प्रश्न यांतील फरक त्यांना उमगला नाही. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही केंद्राची एकमेव राजभाषा होणार, या शंकेने विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सरकारने तो केवळ कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न मानला. गोळीबारात अनेकांचे बळी गेले, काही तरुणांनी आत्मदहन केले. सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेसन या तमिळ केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे देऊ केले. अखेर शास्त्रींनी इंग्रजीचा वापर चालू राहील, असे आश्वासन आकाशवाणीवरून दिले. खुद्द कामराज हिंदीच्या सक्तीच्या विरोधात होते. हिंदी भाषिकांनी घाई करू नये, असे आवाहन त्यांनी जानेवारीअखेरीस बंगळूरमध्ये अन्य नेत्यांसमवेत केले होते. परंतु पक्षाध्यक्ष म्हणून दिल्लीच्या निर्णयांची जबाबदारी त्यांना टाळता येण्यासारखी नव्हती. ज्या पक्षाचे सरकार, त्याच पक्षाची गोळी, असा साधा हिशेब लोकांनी केला.

पाठोपाठ अन्नटंचाई आली. १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे देशात दुष्काळाची गेली. तांदळाचे भाव कडाडले, दुकानांपुढे रांगा लागल्या. केंद्रीय अन्नमंत्री सुब्रमण्यम हे मद्रासचेच असल्याने दोष ढकलायला दुसरे कोणी उरले नव्हते. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. कामराज यांना तो निर्णय मुळीच रुचला नाही, पण त्याचेही खापर पक्षाच्याच माथी फुटले. नेमक्या अशा वेळी द्रमुकने एका रुपयात तीन मापे तांदूळ देण्याचे आश्वासन दिले. ते पाळता येण्याजोगे होते की नाही, हा प्रश्न वेगळा. रांगेत उभ्या असलेल्या गृहिणीशी ते थेट बोलत होते.

यावर कळस चढविला तो विरोधकांच्या एकजुटीने. १९६२ पर्यंत विरोधी मते विखुरलेली असत आणि त्या फाटाफुटीचा लाभ काँग्रेसला मिळे. १९६७ मध्ये अण्णादुराईंनी राजाजींचा स्वतंत्र पक्ष, मार्क्सवादी कम्युनिस्ट, मुस्लिम लीग, समाजवादी अशा परस्परविरोधी विचारांच्या पक्षांची मोट बांधली. काँग्रेसच्या मतांचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ४१ वर आले. म्हणजे घट झाली पाच टक्क्यांची आणि जागा मात्र १३९ वरून ५१ झाल्या. विशेष म्हणजे एकट्या द्रमुकला मिळालेली मते काँग्रेसपेक्षा किंचित कमीच होती. तरीही त्याच्या जागा शंभराहून कितीतरी अधिक भरल्या. मतदानाच्या महिनाभर आधी लोकप्रिय अभिनेते आणि द्रमुकचे उमेदवार एम. जी. रामचंद्रन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि गळ्याला पट्टी बांधलेले त्यांचे छायाचित्र गावोगावी झळकले. मुख्यमंत्री भक्तवत्सलम आणि त्यांचे बहुतेक सहकारी पराभूत झाले. तिकडे मुंबईत स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी आणि बंगालमध्ये अतुल्य घोष यांनाही मतदारांनी घरी बसविले. पक्षश्रेष्ठींची एक पिढीच जणू नाकारली गेली.

या पराभवातील सर्वांत मोठा विरोधाभास मतदारयाद्यांत दडलेला होता. त्या काळी मतदानाचे वय २१ वर्षांचे होते. १९५६ मध्ये दहा-अकरा वर्षांचे असलेले आणि शाळेत सरकारी भोजन जेवलेले मूल १९६७ मध्ये प्रथमच मतदार झाले होते. कामराज यांनी ज्यांना पाटी दिली, अक्षर दिले, त्या पिढीला उपकारांची आठवण करून देणारा पक्ष नको होता. तिला नोकरी, भाषा आणि मान यांविषयी बोलणारा पक्ष हवा होता. सत्तेत दीर्घकाळ राहिलेला पक्ष मागच्या कामाचा पाढा वाचतो आणि मतदार पुढचे विचारतो. काँग्रेसचा पराभव केवळ चुकांमुळे झाला नाही. तिच्या यशानेच नव्या अपेक्षा जन्माला घातल्या होत्या आणि त्या ऐकणारा माणूस राज्यात उरला नव्हता.

कामराज यांनी निकाल खळखळ न करता स्वीकारला. जानेवारी १९६९ मध्ये नागरकोईलच्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते प्रचंड मताधिक्याने विजयी झाले. व्यक्तीविषयीचा आदर शाबूत होता. राग पक्षावर होता. त्याच वर्षी काँग्रेस फुटली आणि ज्यांना त्यांनी पंतप्रधानपदी बसविले होते, त्या इंदिरा गांधींच्या विरुद्ध बाजूला ते उभे राहिले. १९७१ मध्ये त्यांनी नागरकोईल राखले. राज्यात मात्र संघटना काँग्रेसचा धुव्वा उडाला. आणीबाणीच्या काळात, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, मद्रासमधील त्याच भाड्याच्या घरात त्यांचे निधन झाले. बारा वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले होते. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले.

पुढच्या अर्ध्या शतकात त्या राज्यात काँग्रेसचा मुख्यमंत्री पुन्हा झाला नाही. मात्र कामराज यांनी सुरू केलेले शाळेतील जेवण बंद पडले नाही. पुढे मुख्यमंत्री झालेल्या एम. जी. रामचंद्रन यांनीच १९८२ मध्ये ते अधिक व्यापक केले आणि कालांतराने ते देशभरातील शाळांत पोहोचले. ज्यांनी कामराज यांचा पक्ष पाडला, त्यांना कामराज यांचे काम पुढे न्यावे लागले. लोकांनी सरकार बदलले होते. सरकारने त्यांना दिलेला हक्क मात्र त्यांनी हातचा जाऊ दिला नाही.