खिशातल्या कॅमेऱ्याचे जनक : ऑस्कर बार्नाक

जून २०२२ मध्ये जर्मनीतील वेट्झलार येथे झालेल्या लिलावात एक छोटासा जुना कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. त्याच्यावर कोरलेले नाव कोणा सम्राटाचे वा नटाचे नव्हते. ते होते ऑस्कर बार्नाक या यंत्रकारागिराचे. दम्याने आयुष्यभर जेरीस आणलेल्या या माणसाने छायाचित्रकाराच्या खांद्यावरचे ओझे उतरवून त्याच्या खिशात ठेवले. आज जुन्या धाटणीचे, आट्यांनी भिंग बसवण्याचे फिल्म कॅमेरे पुन्हा तयार व्हावेत की नाही, याची हौशी छायाचित्रकारांत चर्चा होते, तेव्हा ती अखेरीस बार्नाक यांच्यापाशीच येऊन थांबते.

बार्नाक यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी ब्रांडेनबर्ग प्रांतातील लिनो या खेड्यात झाला. बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे येथे त्यांनी यंत्रकामाची उमेदवारी केली. १९०२ मध्ये ते येना येथील झाइस कारखान्यात रुजू झाले. सुटीच्या दिवशी रानावनांत भटकून निसर्गाची छायाचित्रे घेणे हा त्यांचा छंद होता. पण त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचपट्ट्यांचा जड संच. चढण लागली की त्यांना धाप लागे. नकारात्मक प्रत लहान घ्यावी आणि कागदावरचे चित्र मोठे करावे, ही कल्पना या दमछाकीतूनच त्यांच्या मनात रुजली.

झाइसमधील त्यांचे सहकारी एमिल मेखाऊ हे वेट्झलारच्या लीट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात गेले होते. त्यांच्या शिफारशीवरून बार्नाक यांनाही तेथे बोलावणे आले. वारंवार आजारी पडणाऱ्या माणसाने नव्या मालकाच्या गळ्यात पडावे का, या विचाराने ते कचरले होते. तरीही जानेवारी १९११ मध्ये ते तेथे रुजू झाले आणि प्रयोगशाखेचे प्रमुख बनले.

तेथे चित्रपटाची फिल्म हाती येताच जुनी कल्पना आकाराला आली. चित्रपटाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची असे. बार्नाक यांनी फिल्म आडवी धरून ती दुप्पट केली आणि २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट जन्माला आली. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांतील ‘फुल फ्रेम’ म्हणतात ते हेच माप. (फिल्मची ३६ चित्रांची लांबी त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पसरून ठरवली असे सांगतात, ही आख्यायिकाच समजावी.) १९१४ च्या सुमारास धातूचा पहिला नमुना तयार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युद्धासाठी सैन्य जमवण्याचा हुकूम वेट्झलारमध्ये लागला, तेव्हाचे दृश्य बार्नाक यांनी त्यावर टिपले. १९२० मध्ये गावात पूर आला, तेव्हाही हाच कॅमेरा त्यांच्याजवळ होता. रस्त्यावरच्या वृत्तछायाचित्रणाची ही सुरुवातीची पावले म्हणता येतील.

महायुद्धामुळे काम रखडले. १९२३ मध्ये सुमारे २५ कॅमेऱ्यांची चाचणी मालिका निघाली. लिलावात गाजलेला कॅमेरा त्यांपैकीच. तज्ज्ञांची मते संमिश्र होती. एवढ्याशा फिल्मवर काय दिसणार, असा संशय अनेकांना होता. चलनफुगवट्याने जर्मनी मोडकळीस आलेली, कारखान्याला कॅमेऱ्याचा अनुभव नाही आणि फसले तर कामगारांच्या पोटावर पाय. जून १९२४ मध्ये विरोधी सूर ऐकूनही दुसरे एर्न्स्ट लीट्झ यांनी उत्पादनाचा निर्णय घेतला. बार्नाक यांच्या कौशल्याइतकेच श्रेय या धाडसालाही द्यावे लागेल. आणि मॅक्स बेरेक यांनी रचलेल्या भिंगालाही, कारण त्याच्याशिवाय लहान चौकटीतून मोठे चित्र निघालेच नसते. १९२५ च्या वसंतात लायपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला.

यानंतरचा इतिहास सुधारणांचा आहे. १९३० मध्ये ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांमुळे भिंगे बदलता येऊ लागली. १९३२ च्या मॉडेलमध्ये भिंगाशी जोडलेला अंतरमापक, म्हणजे रेंजफाइंडर आला. दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा भिंग फिरवत एकमेकींवर आणल्या की वस्तू नेमकी केंद्रित होते. पुढच्या वर्षी मंद वेगांची सोय झाली. लवकरच खारकिव्हमध्ये ‘फेड’ आणि महायुद्धानंतर जपानमध्ये ‘कॅनन’ हे कॅमेरे त्याच आट्यांवर उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींना त्यांच्या अखेरच्या दिवशी भेटलेले आंरी कार्तिए-ब्रेसाँ हेही लायकाच वापरत.

बार्नाक यांना हे सारे पाहता आले नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी बाड नाउहाइम येथे वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९५४ मध्ये कंपनीने आटे सोडून झटकन बसणारी संगिनी बैठक स्वीकारली, पण एक दूरदृष्टी दाखवली. भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ वरून २७.८ मिलिमीटर केले, त्यामुळे पातळ कडे लावून १९३० च्या दशकातील भिंग आजच्या डिजिटल लायकावरही बसते.

मग आट्यांचा कॅमेरा नव्याने हवा का? जपानच्या कोसिना कंपनीने १९९९-२००० मध्ये ‘फोक्टलेंडर बेसा’ नावाने तो आणून पाहिला. बेसाचे उत्पादन २०१५ मध्ये थांबले. अंतरमापक हाताने जुळवावा लागतो आणि ते कसब स्वस्त नाही. जुन्या यंत्रांचे रबरी पडदे तडकतात, ते दुरुस्त करणारे हात कमी होत चालले आहेत. तळातून फिल्म भरण्यासाठी तिचे टोक कापून घेण्याची कटकट कोणी परत मागेल असे वाटत नाही. परंतु हातात मावणारे, विजेविना चालणारे आणि दुरुस्त करता येणारे यंत्र ही बार्नाक यांची मूळ गरज आजही अनेकांची आहे. तिच्यासाठी नवा, परवडणारा देह कोणी घडवला तर तो स्वागतार्हच ठरेल. त्याला आटेच असले पाहिजेत असा आग्रह मात्र स्वतः बार्नाक यांनीही धरला नसता. पहिल्या नमुन्यात चित्रा-चित्रामध्ये भिंगावर टोपण ठेवावे लागे. १९२५ चा कॅमेरा बाजारात आणण्यापूर्वी ती अडचण त्यांनी दूर केली होती.