अण्णाभाऊंच्या कादंबऱ्या आणि सिनेमावाले

१ ऑगस्टला आमच्या छत्रपती संभाजीनगरात साहित्यसम्राट अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीच्या मिरवणुका निघतात. बॅनर लागतात, डीजे वाजतो, पुढाऱ्यांची भाषणे होतात. परंतु याच अण्णाभाऊंच्या सात कादंबऱ्यांवर मराठी सिनेमे निघाले, हे या गर्दीतल्या किती तरुणांना ठाऊक आहे? आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी मूळ कादंबरी वाचली आहे काय?

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १९२० साली वाळवा तालुक्यातील वाटेगावी, मातंग कुटुंबात झाला. शाळा दीड दिवसाची. पोटासाठी बापाबरोबर पायी मुंबई गाठली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्टांची संगत लागली आणि तिथेच पोवाडे रचले गेले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे राहिले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजीचे इलेक्शन', 'माझी मुंबई' ही वगनाट्ये गिरणी कामगारांपुढे होऊ लागली. गण-गवळणीच्या जागी त्यांनी कामगाराला मुजरा आणला. सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्यालाच लोकनाट्य म्हटले आणि खेळ चालू ठेवला. 'इनामदार', 'पेंग्याचं लगीन', 'सुलतान' ही नाटकेही त्यांनीच लिहिली. मराठी रंगभूमीच्या जाडजूड इतिहासात त्यांना किती पाने मिळाली, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पुढच्याच वर्षी 'फकिरा' आली, ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करून. अण्णाभाऊ पक्षाने कम्युनिस्ट होते म्हणून त्यांना आंबेडकरी चळवळीबाहेर ठेवणाऱ्यांनी ती अर्पणपत्रिका एकदा उघडून पाहावी.

१९६१ साली 'फकिरा'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले आणि त्याच वर्षी 'वैजयंता' पडद्यावर आला. तमाशातल्या बाईची ती कहाणी, जयश्री गडकर नायिका. १९६३ साली 'फकिरा' आला. पुढे 'आवडी'चा 'टिळा लाविते मी रक्ताचा' झाला, 'माकडीचा माळ'चा 'डोंगरची मैना' आणि 'चिखलातील कमळ'चा 'मुरली मल्हारी रायाची'. हे तिन्ही १९६९ चे. १९७० साली 'वारणेचा वाघ' निघाला. १९७४ साली 'अलगूज'चा 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' झाला, तेव्हा लेखकाला जाऊन पाच वर्षे झाली होती.

वकिलीच्या सवयीने आम्ही नावांकडे पाहतो. सातांपैकी चार नावे बदलली. 'आवडी' ही जातीबाहेरच्या प्रेमाची आणि घराण्याच्या इभ्रतीपायी उगारलेल्या हत्याराची गोष्ट. आज वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात, तेव्हा आम्हाला आवडी आठवते. 'माकडीचा माळ' म्हणजे माळावर पाल ठोकून राहणाऱ्या भटक्यांचे जिणे. तिचे नाव 'डोंगरची मैना' ठेवले की प्रेक्षक काय समजून तिकीट काढणार? लावणी, ढोलकी आणि हिरवागार डोंगर. सिनेमाचा धंदा आम्हाला कळतो. पण पालातला माणूस तिकीटबारीच्या पाटीवरूनच गायब होतो, त्याचे काय?

'फकिरा'त तर खरा खलनायक कायदाच आहे. जन्माने गुन्हेगार ठरवून माणसाला हजेरी लावायला लावायची, उपाशी मरायला लावायचे आणि त्याने धान्य लुटले की दरोडेखोर म्हणायचे. गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांनी १८७१ साली आणला आणि तो देशातून गेला १९५२ साली, म्हणजे संविधान लागू झाल्यावरही दोन वर्षांनी. फकिराला नुसता तलवारबहाद्दर केले की हा कायदा झाकला जातो आणि इंग्रजांइतकाच दोषी असलेला गावगाडाही सुटतो.

या सात सिनेमांचा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला. शेवटी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी हलाखीत गेला. टपाल तिकीट निघाले २००२ साली आणि मॉस्कोत पुतळा बसला २०२२ साली.

लेखकाची कलाकृती विकृत करून त्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणली, तर दाद मागण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने दिला आहे. हक्क विकले तरी हा हक्क विकला जात नाही. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या कादंबरीवरील चित्रपटाविरुद्ध हेच कलम वापरले. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली सांगितले की माध्यम बदलताना फेरफार चालतील, पण कृतीचा आत्माच मारता येणार नाही. सिनेमागृहाबाहेरच्या वापरातून लेखकाला मानधनाचा वाटा मिळावा, ही तरतूद आली २०१२ साली. तोवर अण्णाभाऊंना जाऊन ४३ वर्षे झाली होती.

लेखकाच्या मृत्यूनंतर कॉपीराइट ६० वर्षे टिकतो. म्हणजे ३१ डिसेंबर २०२९ ला अण्णाभाऊंच्या साहित्यावरील हक्क संपतो. १ जानेवारी २०३० पासून कोणतीही वाहिनी 'फकिरा'ची मालिका काढू शकेल, कुणाला एक रुपया न देता. कलम ५७ मात्र तेव्हाही वारसांच्या हाती राहील, कारण त्याची मुदत २०१२ च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे. त्या मालिकेत हजेरी दाखवली जाते की नाही, एवढे आम्ही तरी पाहणार आहोत.