माहेरी निघालेली पहिली मोटार

बँकेत मी कर्जखात्याच्या टेबलावर बसत असे, तेव्हाची गोष्ट. एक शिक्षिका मोटारीच्या कर्जासाठी आल्या. कागदपत्रे चोख, पगार नियमित. तरीही मी विचारून गेलो, की गाडी चालवणार कोण, तुमचे यजमान? बाई शांतपणे म्हणाल्या, की मे महिन्यात एकटीनेच कोकणात माहेरी जायचा बेत आहे. मी ओशाळलो. पुढे बर्था बेन्झ यांची हकिकत वाचनात आली, तेव्हा तो प्रश्न मला पुन्हा टोचला.

बर्थाबाईंचा जन्म १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्त्सहाइम गावचा. कार्ल बेन्झ हा तरुण यंत्रज्ञ त्यांनी पसंत केला. त्याचा धंदा भागीदारापायी अडचणीत आला, तेव्हा लग्नाआधीच आपल्या हुंड्यातली रक्कम देऊन त्यांनी तो सोडवला. आमच्या बँकेच्या भाषेत, पहिले भांडवल बाईंचे! १८८६ साली तीनचाकी मोटारीचे पेटंट मिळाले, त्यावर बर्थाबाईंचे नाव मात्र नव्हते.

पेटंट मिळाले तरी गिऱ्हाईक फिरकेना. कार्ल बुजरा, आणखी सुधारणा करत बसणारा. अखेर ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे, नवऱ्याला न सांगता, एकोणचाळीस वर्षांच्या बर्थाबाईंनी गाडी बाहेर काढली. सोबत दोन मुलगे, आयगेन आणि रिखार्ड. मानहाइमहून माहेर शंभर किलोमीटरहून जास्त दूर, आणि इतक्या लांब मोटार तोवर कोणी नेलीच नव्हती.

वाटेत इंधन संपत आले. पेट्रोलपंप कुठला असायला? वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचे लिग्रॉइन घेऊन त्यांनी टाकीत ओतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. उघड्या पडलेल्या तारेला मोज्याचा पट्टा गुंडाळला. झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. चढ आला की मुले गाडी ढकलत. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर नवऱ्याला तार गेली. काही दिवसांनी बाई गाडीनेच परतल्या. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हा त्यांचा अनुभव कार्लने पुढे गाडीत उतरवला.

जाहिरात झाली, धंदा वाढला, हे खरेच. पण मला वाटते, त्या दिवशीचा आनंद त्याहून साधा असणार. आपल्या पैशातून उभी राहिलेली वस्तू आपल्या हातात, रस्ता समोर, आणि पुढचे वळण घ्यायला कोणाची परवानगी नको.

५ मे १९४४ रोजी, पंचाण्णव वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, बर्थाबाई गेल्या.

आमच्या शिक्षिकाबाईंनी कर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही. आज त्या समोर आल्या, तर मी एवढेच विचारीन, की वाटेत चहाला कुठे थांबलात?